मुन्शीजींचा उंट

चौसाळ्याच्या कोंडवाड्यातून स्वतःची म्हैस सोडवून आणणं हे येरागबाळ्याचं काम नव्हतं. दंड भरायची तयारी असली, पाटलाची चिठ्ठी असली, म्हैस तुम्हाला बघून रेकत असली, तरी भागत नसे. म्हशीला म्हैस म्हणणं बरोबर आहे की नाही, हे आधी सोनाजी मुन्शींना पटावं लागे.

शेतकरी दारात येऊन म्हणायचा, "मुन्शीजी, माजी म्हैस कोंडलीया जनू."

मुन्शीजी मान वर न करता म्हणायचे, "हितं म्हैस न्हाई."

"ती काय उभी हाय की!"

"ती वगार हाय. अजून व्याली न्हाई. व्याली न्हाई ती म्हैस कशी? तुजी म्हैस हरवली आसंल तर म्होरच्या गावात बघ. लफ्ज बघ बाबा, लफ्ज!"

'लफ्ज बघ' हे त्यांचं पालुपद. लफ्ज म्हणजे शब्द. गोऱ्ह्याला बैल म्हटलं की माणूस तासभर उन्हात. शिंगराला घोडं म्हटलं की दुपारपर्यंत. एकदा एकानं शेळीला बकरी म्हटलं. ते मुन्शीजींनी चालवून घेतलं, पण दिवसभर त्यांचं डोकं दुखत होतं.

माझं शिवणकामाचं दुकान कोंडवाड्याच्या बरोबर समोर. ओट्यावर मशीन मांडून बसलो की हा तमाशा फुकटात बघायला मिळायचा. तेव्हा निजामाचं राज्य होतं, दप्तर सगळं उर्दूत. आमच्यासारख्यांना ती अक्षरं मुंग्यांची रांग वाटायची. पण मुन्शीजी होते नेकनूरकडच्या कुणब्याचे, अन् बीडला एका मौलवीसाहेबांच्या हाताखाली उर्दू-फारशी शिकून आलते. उस्तादांनी दिलेला एक जाडजूड लुगत, म्हणजे शब्दांच्या अर्थाचं पुस्तक, कायम त्यांच्या मांडीशी असायचा. बाकी घरात दुसरं कोणी नव्हतं. लग्न ठरलं होतं एकदा. पोरीचा मामा म्हणाला, "मुलगी गोरी हाय." मुन्शीजी म्हणाले, "गोरी न्हाई, गव्हाळ हाय." खरं ते खरंच. पण सोयरीक मोडली.

मलाही ते शिकवायचे. मला कशापायी शिकवायचं, ते त्यांनाच ठावं. काजं करता करता मी हूं हूं म्हणायचो.

"शिंप्या, जोडलफ्जात मागचा मालक, म्होरचा चाकर. घोडागाडीत मालक कोन?"

"घोडा. तोच वढतो की."

"गाढवा! घोडागाडी म्हंजे गाडी. देवघर म्हंजे घर. शिंपीगल्ली म्हंजे गल्ली. मागचा मालक!"

"आन् कोंडवाडामुन्शी?"

"मुन्शी!" म्हणून छाती पुढं काढायचे. छाती कसली, दोन वितींची. त्यांच्या बंडीला मला कापड कधी कमी पडलं नाही.

तर असा हा माणूस. तीस वर्षांच्या नोकरीत एक लफ्ज चुकीचा लिहिला नाही, हा त्यांचा अभिमान. आणि त्यांनी एक लफ्ज चुकवला, तोही माझ्या डोळ्यांदेखत.

झालं काय, एका रविवारी सकाळी रस्त्यावर एकदम बायाबापड्यांची पळापळ झाली. दोघींच्या घागरी फुटल्या. मी मशीन सोडून बघतो तर म्हाळू धनगर येतोय, अन् त्याच्या डोईवर पटका नाही. पटक्याचं एक टोक त्याच्या हातात आणि दुसरं एका भल्या मोठ्या पाखराच्या गळ्यात. पाखरू म्हाळूपेक्षा दोन हात उंच. रंग मातकट, मान नुसती उघडी, पापण्यांचे केस असे लांब की काजळ घातल्यागत वाटावं. चाल मात्र पाटलिणीची. आजूबाजूला एवढा गोंधळ, पण बाईचं कशाकडं लक्ष नाही.

"मुन्शीजी, हे कोंडून घ्या," म्हाळू म्हणाला. त्याला अजून धाप लागलेली. "नेकनूरच्या डोंगरात गेलतो. तीन दिस माज्या मेंढरांत चरत व्हतं. सांजच्याला मेंढरं मोजतो तर येक जास्त. पुना मोजली, पुना येक जास्त. मंग वर बघितलं!"

"तीन दिस वर बघितलं न्हाईस व्हय?"

"मेंढरं खाली आस्त्यात, मुन्शीजी. पाय मेंढरागत व्हते, मला वाटलं आसंल येक उंच."

मुन्शीजी चष्मा लावून त्या पाखराभोवती दोन वेळा फिरले. मग लुगत उघडला. बोट फिरवत फिरवत एका जागी थांबले आणि असा चेहरा केला की जणू हरवलेला भाऊ भेटला.

"शुतुरमुर्ग!" ते म्हणाले. "शुतुर म्हंजे उंट. मुर्ग म्हंजे कोंबडा."

"म्हंजे उंटकोंबडा?" मी विचारलं.

एवढ्यात पाटील आले. ते म्हणाले, "आमच्याकडं ह्याला शहामृग म्हनत्यात. मृग म्हंजे हरीन. हरनाला कोंडवाडा कशाला? बंदूक आनतो."

"पाटील," मुन्शीजी शांतपणे म्हणाले, "शुतुरमुर्ग लोकांच्या तोंडात घोळून घोळून शहामृग झाला. त्यात हरीन कुटंच न्हाई. लफ्ज बघा आन् बंदूक घरीच ठिवा."

पाटील मिशीला पीळ देत बाजूला झाले. पण खरं संकट पाठीमागं उभं होतं. तहसीलदारसाहेबांचा दौरा शुक्रवारी गावात येणार होता, आणि त्यांची तयारी बघायला त्यांचा पेशकार पाच दिवस आधीच येऊन बसला होता. पेशकार म्हणजे साहेबांचा कारकून. साहेब कुठं उतरणार, काय खाणार, सगळं तो बघणार. ह्या माणसाला भूक दुसऱ्याच्या पोटाची लागायची. तो आला, त्यानं पाखराला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, आणि त्याच्या तोंडाला पाणी सुटलं.

"इत्ता बडा मुर्ग! साहब की दावत का काम हो गया," तो म्हणाला. "पचास पान उठेंगे एक मुर्ग में. मुन्शी, इसकू कोंडवाडे में कायकू लाए? तुम्हारे रजिस्टर में मुर्ग का खाना हैच नहीं."

आता हे मात्र खरं होतं. रजिस्टरात हत्तीपासून शेळीपर्यंत सगळ्यांचे रकाने होते, कोंबडीचा नव्हता. रजिस्टरात नाव चढलं की पंधरा दिवस त्या जनावराला मालकाशिवाय कोणी हात लावू शकत नसे. पण ज्याचा रकाना नाही त्याचं नाव चढणार कुठं? आणि नाव नाही तर त्या पाखराची मान पेशकाराच्या सुरीखाली.

उर्दूत रकान्याला खानाच म्हणतात. मुन्शीजी म्हणाले, "खाना न्हाई म्हनून तिचा खाना करायचा काय?"

"बात मत बढाओ. लिखो क्या लिखते. मुर्ग लिखे तो मेरा."

मुन्शीजींनी बोरू शाईत बुडवला. मला काळजीच नव्हती, म्हणजे आशाच नव्हती. मागचा मालक! शुतुरमुर्ग म्हणजे मुर्गच. हा माणूस लग्न मोडून घेईल पण लफ्ज मोडणार नाही, हे मला माहीत होतं. मनात म्हटलं, गेलं बिचारं.

आणि तेवढ्यात त्या पाखरानं काय करावं? लांब मान पुढं घातली, बोरूकडं बघितलं, आणि आपली हनुवटी मुन्शीजींच्या खांद्यावर ठेवून दिली. जसं काही बाई विचारतेय, काय लिहिताय हो?

मुन्शीजी हलले नाहीत. मग त्यांनी लिहिलं. उजवीकडून डावीकडं बोरू करकरत गेला आणि मध्येच थांबला. त्यांनी बोरू पुसून कलमदानात ठेवला.

पेशकारानं वाकून वाचलं. "शुतुर... आगे?"

"आगे कुछ नहीं."

"पूरा लफ्ज लिखो!"

"लिखा हूं. शुतुर. उंट. उंटाचा खाना हाय, हत्तीच्या खालीच. बघून घ्या."

"ये ऊंट है?"

"रजिस्टर में ऊंट है."

पेशकार पेटला. म्हणाला, "जुम्मे को साहब खुद देखेंगे. झूट निकला तो मुर्ग बी जाएगा हौर तुम्हारी नोकरी बी." आणि तरातरा निघून गेला.

मला राहवेना. मी हळूच म्हटलं, "मुन्शीजी, जोडलफ्जात मागचा मालक ना?"

"तू तुजी सुई बघ बे," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच बोलावणं आलं. "शिंप्या, उंटाची झूल शिवायची."

मी आजवर पाटलाच्या ढेरीचं माप घेतलं होतं, त्यात कमरेला फीत पुरली नव्हती. पण ह्या बाईचं माप घेणं म्हणजे भोग होता. मी छातीला फीत लावली की ती मान वळवून माझी टोपी उचलायची. टोपी घ्यायला गेलो की फीत गिळायला बघायची. मानेचं माप घेतलंच नाही, कारण मान एका जागी कधी नसायचीच. शेवटी अंदाजानं लाल खारव्याच्या जाड कापडाची झूल शिवली, काठाला कवड्या लावल्या. त्या गडबडीत तिनं माझ्या सहा गुंड्या आणि शिवताना बोटात घालायचं एक पितळी अंगुस्तान गिळलं. अंगुस्तान माझ्या बापाचं होतं. मी शिव्या घातल्या तर मुन्शीजी म्हणाले, "उंट काटे खातो, तुज्या गुंड्यांचं काय घिऊन बसलास?" तोपर्यंत त्यांना खरंच ती उंट वाटायला लागली होती की काय कोण जाणे.

दवंडीही उंटाचीच दिली. रजिस्टरात एक आणि दवंडीत दुसरं, असं कसं चालेल? "कोंडवाड्यात उंट सापडला हाय हो! ज्याचा आसंल त्यानं वळख पटवून न्यावा हो!" परळी वैजनाथच्या वाटेनं जाणारे दोन उंटवाले आशेनं आले. भिंतीवरून मान वर आली तसे 'तौबा तौबा' म्हणत आल्या वाटेनं परत गेले.

सांजच्याला मी दुकान आवरताना एक गोष्ट रोज बघायचो. मुन्शीजी ओंजळीत जवारी घेऊन कडुनिंबाखाली जमिनीवर मांडी घालून बसायचे. पाखरू समोर उभं. ते म्हणायचे, "बैस बाई, बैस." आधी ती नुसती बघायची. मग एके दिवशी तिनं गुडघे मोडले आणि बसली, आणि त्यांच्या ओंजळीतून एकेक दाणा टिपायला लागली. तिला वाकायला लागू नये म्हणून पाण्याचं डोणगं त्यांनी दगडावर दगड रचून छातीएवढं उंच केलं होतं. ते तिला लुगतही वाचून दाखवायचे. 'अलिफ'पासून सुरुवात केली होती. मला 'हूं' म्हणायचा कंटाळा यायचा, तिला येत नसावा.

शुक्रवार उजाडला. सगळं गाव कोंडवाड्यापुढं. तहसीलदारसाहेब आले. जाडजूड, थकलेला माणूस, हैदराबादकडचा, बोलणं हळू. अंगात नवी शेरवानी, चांदीच्या गुंड्यांची. मी शिंपी, मला आधी गुंड्याच दिसल्या, आणि मग पाखराची चोच.

साहेबांनी झूल घातलेल्या पाखराकडं बघितलं. रजिस्टरकडं बघितलं. मग म्हणाले, "मुन्शी, हम भी थोडी फारसी पढे हैं. बोलो, शुतुरमुर्ग में असल लफ्ज कौनसा? आगे का या पीछे का?"

मी खाली बघितलं. मुन्शीजींच्या जिभेवर खरं असणार, आणि खरं बोलले की संपलं.

"आगे का, जनाब."

"आगे का?"

"जी." आवाज एवढा बारीक की मीच ऐकला असेल.

साहेबांनी त्यांच्याकडं कितीतरी वेळ बघितलं. पेशकार पुढं सरकला. "हुजूर, ऊंट है तो ऊंट सरीका बैठ के दिखाए!"

मुन्शीजींनी ओंजळभर जवारी घेतली आणि एवढ्या लोकांपुढं, साहेबांपुढं, धुळीत मांडी घातली. "बैस बाई, बैस."

पाखरानं इकडं तिकडं बघितलं. मग आधी पुढं झुकली, गुडघे मोडले, मग मागं टेकली, आणि झूल पसरून थेट उंटासारखी बसली. सगळं गाव 'आगं आगं आगं' म्हणून ओरडलं.

साहेबांची ढेरी हलायला लागली. मग खांदे. मग डोळ्यांतून पाणी. "चलो भई," ते म्हणाले, "आखिर ऊंट बैठ गया!" आणि कौतुकानं तिच्याजवळ वाकले. तिनं टप्पदिशी त्यांच्या शेरवानीची वरची चांदीची गुंडी उपटली आणि गिळली.

घशातून गुंडी खाली उतरताना दिसत होती. पेशकार आनंदानं म्हणाला, "हुजूर, काट के निकालें?"

मी आयुष्यात साहेबलोकांपुढं तोंड उघडलं नव्हतं. पण त्या दिवशी कुठून बळ आलं देव जाणे. म्हणालो, "हुजूर, गुंडी मी लावून देतो. आत्ता. बसल्या जागी. हुबेहूब." चांदीची गुंडी माझ्याकडं सात जन्मांत नव्हती. तरी म्हणालो.

साहेब हसत म्हणाले, "रहने दो. ऊंट के मुंह में जीरा तो सुना था, आज बटन भी देख लिया." मग पेशकाराकडं वळले. "हमारे लिए दाल-रोटी बहुत है. इस ऊंट को कोई हाथ न लगाए."

हुश्श! मी ओट्यावर बसूनच घेतलं. म्हाळू धनगरानं डोंगराकडं बघून देवाला हात जोडले. मुन्शीजी धुळीतून उठायचंच विसरले होते.

निघताना साहेब घोड्यावर बसून हळूच म्हणाले, "मुन्शी, मांजरसुंब्याच्या घाटात एक बुढ्ढा खिदमतगार बैठा रोता है. किसी जहागीरदार के घर का. गाडियां बदलते वक्त उसका मुर्ग भाग गया. मुर्ग, समझे? उसको बोलूं क्या कि चौसाळे में ऊंट मिला है?"

मुन्शीजींनी पाखराकडं बघितलं. मला वाटलं, नाही म्हणतात. पण म्हणाले, "बोला, जनाब."

सोमवारी म्हातारा आला. पांढरी दाढी, पाय सुजलेले. कोंडवाड्याच्या दाराशी उभा राहिला. मुन्शीजींनी नेहमीचा प्रश्न विचारला, "काय हरवलं?" मी कान टवकारले. आता हा मुर्ग म्हणणार, का पाखरू म्हणणार, आणि मुन्शीजी ह्याला किती वेळ उन्हात उभा करणार?

"मेरी बानू," म्हातारा म्हणाला.

एवढंच. आवाज ऐकताच भिंतीवरून मान वर आली. मग ती जी धावली! दारावर धडक दिली, झूल तिरपी झाली, आणि मान लांबवून तिनं चोच म्हाताऱ्याच्या दाढीत खुपसली. म्हातारा रडत होता आणि रागावत होता. "कहां गई थी नालायक, कहां गई थी?" अंड्यातून निघाल्यापासून त्यानंच तिला वाढवलं होतं म्हणे. घरच्या बेगमसाहेबा तिच्याशिवाय दोन घास खात नव्हत्या.

मुन्शीजींनी पुढं काही विचारलं नाही. कडी काढली.

झूल त्यांनी तिच्या अंगावरच राहू दिली. म्हातारा आणि बानू जहागीरदाराच्या घराकडं, परांड्याच्या वाटेला लागले. बानूनं एकदा मान मागं वळवली आणि मग दाढीवाल्याच्या खांद्यावर ठेवली. रस्त्यावरच्या बाया ह्या वेळी पळाल्या नाहीत, कडेला उभ्या राहून बघत होत्या. एकीनं तर लांबूनच कानशिलावर बोटं मोडून तिची दृष्ट काढली.

सगळं गाव मोकळं झालं, मीही. मुन्शीजी मात्र डोणग्याखालचे दगड एकेक करून काढत होते. मी मदतीला गेलो.

"आता तरी लफ्ज पुरा करा, मुन्शीजी," मी चेष्टेनं म्हटलं. "आता कोन खातंय तिला? शुतुरच्या मागं मुर्ग लिवून टाका. तीस सालाची अब्रू."

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. एक दगड उचलला, बाजूला ठेवला. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "शिंप्या, हितं समदे सुटायला येत्यात. आल्या घडीपासून दाराकडं बघत्यात. ही नऊ दिस माज्याकडं बघत व्हती."

मी पुढचा दगड उचलला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मशीनमध्ये दोरा ओवत होतो. नेकनूरचा एक शेतकरी घाबऱ्या घाबऱ्या दारात आला. "मुन्शीजी, माजी गाय कोंडलीया जनू."

आत उभी होती ती गाय नव्हती. चांगली दोन वर्षांची कालवड होती, मलाही इतक्या लांबून कळत होतं. मी दोरा तसाच धरून वाट बघत बसलो. आता ऐकायला मिळणार, लफ्ज बघ बाबा, लफ्ज.

मुन्शीजींनी कालवडीकडं बघितलं. शेतकऱ्याकडं बघितलं. चष्मा काढून बंडीच्या टोकानं पुसला.

"नाव काय तिचं?" त्यांनी विचारलं.

"चंद्री," शेतकरी म्हणाला.

आतून कालवड हंबरली. मुन्शीजींनी उठून कडी काढली.